टोपड्यांचं वाण

भातकुली,
८ डिसेंबर २०२३

चि. रागिणी,

मामा-मामीचे आशीर्वाद. त्यातला मोठा वाटा मामीचा धर, उरलासुरला माझा.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. कानातलं यंत्र लावलं की तुझ्याऐवजी अख्ख्या बाजाराचा गलका ऐकू येतो. म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंत शाळेत शिकलो, पुढचं शिक्षण फुलं बांधायच्या रद्दीवर झालं. तेव्हा अक्षर सांभाळून घे.

परवा तू आमच्या आठवडी बाजारात येऊन काय जत्रा भरवलीस. माझ्या झेंडूच्या दुकानासमोर भाजीवाल्या बायका गोळा केल्यास, सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या पातेल्यात टाकल्यास आणि निम्म्या काढायला लावल्यास. जिची चिठ्ठी निघाली तिला गोणपाट आणि सुती कापड शिवून केलेली पाच-पाच झाकणं. ओली करून टोपलीवर घातली की भाजी म्हणे संध्याकाळपर्यंत कोमेजत नाही. बायकांनी लगेच त्याचं नाव पाडलं: टोपडं. सांभाराच्या, म्हणजे तुझ्या पुण्याकडच्या कोथिंबिरीच्या, टोपलीला ते घातलं की बारशाच्या दिवशीचं लेकरू दिसतं खरं.

आणि जिची चिठ्ठी निघाली नाही, तिला तू हात जोडून "धन्यवाद" म्हणालीस. समोरची मनकर्णाबाई तुला ठाऊक आहेच, मेथी-सांभार विकते आणि जीभ मिरचीची ठेवते. तू गेल्यावर म्हणाली, "भाऊ, तुमची भाची शिकली लय. पन हे धन्यवाद टोपलीवर कसे झाकतात, ते त सांगून नाई गेली."

मलाही तेच विचारायचं आहे. पंगतीत एकाला वाढायचं आणि शेजारच्याला कोऱ्या पत्रावळीवर बसवायचं, हे कुठलं शास्त्र? द्यायचं तर सगळ्यांना दे, नाहीतर कुणालाच नको. तुझी मामी म्हणते, पोरगी लहानपणी चिवडा वाटायची तेव्हा तर असं करत नव्हती.

उत्तर लिही. टपालवाल्यालाही जरा हिंडू दे.

तुझा,
महादेवमामा


जठारपेठ, अकोला,
१४ डिसेंबर २०२३

प्रिय मामा,

तुमच्या पायांवर डोकं, मामीच्या पायांवर जरा जास्त वेळ.

पत्र कार्यालयात सगळ्यांना वाचून दाखवलं. "कोऱ्या पत्रावळीवर बसवायचं" हे एकीने भिंतीवर लिहून लावलंय.

आता उत्तर. मागच्या वर्षी तुम्ही झेंडूच्या निम्म्या वाफ्यांना ते बाटलीतलं औषध घातलंत आणि निम्मे तसेच ठेवलेत. मामीने विचारलं तर म्हणालात, "सगळ्यांना घातलं तर औषधाने फूल आलं की पावसाने, कसं कळेल?" मामा, मी बाजारात तेच करतेय. फक्त माझे वाफे बोलतात.

आणि चिठ्ठ्या अशासाठी, की मी मनाने निवडलं असतं तर हुशार, चटपटीत बायकांनाच टोपडी दिली असती. मग धंदा वाढला तो टोपड्याने की हुशारीने, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. चिठ्ठीला आवड-निवड नसते. टोपडी खरंच उपयोगाची निघाली तर पुढे ती सगळ्या तालुक्याला वाटायला एक संस्था तयार आहे. नाही निघाली, तर निदान पैसा चुलीत जाणार नाही. आमची आचल महिनाभरापासून येतेय तशी पुढेही दर बाजाराला येऊन प्रत्येकीला विचारेल: काय विकलं, काय उरलं, किती वाजता बाजारातून उठलात.

हा अभ्यास माझ्या एकटीच्या हातात दिलेला पहिलाच. नीट पार पडला तर मार्चमध्ये पुण्याचे सर मला स्वतःचा नवा अभ्यास देणार आहेत, आणि त्यावरच पुढची पदवीही. नाही पडला, तर बाबा तयारच आहेत. त्यांचं म्हणणं, बी.एड. कर आणि शाळेत लाग, बायकांना भाजीचे भाव विचारत हिंडणं ही काही नोकरी नाही.

म्हणून एक विनंती. तुम्ही फक्त बघायचं. कुणाला शिकवायचं नाही, कुणाचं घेऊन कुणाला द्यायचं नाही, मध्ये पडायचं नाही. तुमचा स्वभाव माहीत आहे म्हणून पुन्हा लिहिते: मध्ये पडायचं नाही.

तुमची,
रागिणी


भातकुली,
२२ जानेवारी २०२४

चि. रागिणी,

तिळगूळ पाठवतो आहे, गोड बोल. पत्र वाचून झाल्यावर तर आणखीच गोड बोलशील.

आधी हे ऐक, की मी कशातही बोट घातलं नाही. फुलं विकली आणि गप्प बसलो. मामी साक्षीला आहे. जे झालं ते आपोआप झालं, आणि इतकं चांगलं झालं की तुझ्या सरांनी ढोल वाजवावेत.

संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला एकमेकींना वाण लुटतात. आमच्याकडे वर्षानुवर्षं त्याच प्लास्टिकच्या वाट्या आणि तीच चहाची गाळणी. एका गाळण्याला तर मामी ओळखते, तीन घरं फिरून ते आमच्याकडे परत आलं. यंदा जमुना, तीच वांगी आणि भेदरं-टमाटे विकणारी, तिला तुझी पाच टोपडी मिळाली होती. ती म्हणाली, "गाळण्यानं का होते? यंदा टोपडी लुटू. ज्याचं त्याले कामी येईन." दोन ठेवली आणि बाकीची वाणात दिली. ते पाहून दुसरीने, तिचं पाहून तिसरीने. वाण कुणी नाही म्हणत नाही. बघता बघता ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या नव्हत्या त्यांच्याही टोपल्यांवर टोपडी चढली. तुझ्या मामीलाही दोन मिळाली, तिने एकात दह्याचं भांडं ठेवलं.

तुझं काम निम्म्यावर अडलं होतं, ते बायकांनी पुढे नेलं. तेही फुकटात. आता सरांना सांग, आमच्या भातकुलीत पत्रावळ कोरी राहत नाही.

मार्चची वाट कशाला बघायची? आत्ताच काय द्यायचं ते देऊन टाका म्हणावं.

तुझा,
महादेवमामा


जठारपेठ, अकोला,
२५ जानेवारी २०२४

मामा,

तुमचं पत्र चहा पिता पिता वाचलं. चहा अजून तसाच आहे, वर साय धरली आहे.

मी गोड बोलणार नाही. तिळगूळ परत पाठवणार होते, पण खाल्ला गेला.

मामा, तुमच्या निम्म्या वाफ्यांतलं औषध कुणी पाट फोडून सगळ्या वाफ्यांत सोडलं असतं तर तुम्ही त्याला "फुकटात काम झालं" म्हणाला असता का? टोपडं असलेल्या आणि नसलेल्या, दोघींत फरक काय, हेच मला बघायचं होतं. आता सगळ्यांकडेच आहे. कशाची कशाशी तुलना करू? भातकुलीची अकोल्याशी?

आचलला विचारलं, तुला हे दिसलं कसं नाही? तर म्हणते, "ताई, दिसलं ना. मलेबी एक भेटलं. मी त्यात जेवनाचा डबा ठेवते." मी कपाळाला हात लावला.

रागावून लिहीत नाहीये. मी बी. ए. झाले, एम. ए. झाले, पुण्याला जाऊन शिकून आले, आणि पाच टोपडी देताना मला संक्रांत आठवली नाही. स्वतः वऱ्हाडातली पोर असून. पाच कशाला दिली मी? एकच दिलं असतं तर कुणी लुटलं नसतं.

आता एकच आशा. बाजारात कुणी अशा उरल्या आहेत का, ज्यांच्याकडे टोपडं गेलंच नाही? मुकाट्याने एक चक्कर मारा आणि कळवा. आणि मामा, वाण परत मागता येतं का?

रागिणी


भातकुली,
३० जानेवारी २०२४

चि. रागिणी,

तुझ्या पत्रातला राग मामीने वाचला आणि मला दोन वेळा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी जरा मोठ्याने.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. जमुनाला गाठून म्हणालो, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे, दिलेली टोपडी गोड बोलून माघारी घेता येतील का? ती वांगी निवडायची थांबली. म्हणाली, "भाऊ, देल्ली पोरगी अन् देल्लं वान वापस मांगतात का कोनी? तुमी कोन्या गावचे?" मी याच गावचा. म्हणून उठून आलो.

मग चक्कर मारली. हातात झेंडूची माळ घेऊन, म्हणजे कुणाला शंका नको. तरी एकीने विचारलं, "भाऊ, काहून फिरून राहिले, बाकी आहे का कोनाकडं?"

आता ऐक आणि तो चहा गरम करून घे. माझ्याच दुकानासमोर, पाण्याच्या टाकीकडच्या कडेला, सात-आठ जणी अजून उघड्या टोपल्या घेऊन बसतात. मनकर्णाबाई, पार्बताबाई आणि त्यांच्या बरोबरच्या. त्यांच्याकडे एकही टोपडं गेलेलं नाही. तुझं नशीब थोर. मी त्यांना काही बोललो नाही, फक्त पार्बताबाईकडून आंबटचुका घेतला, म्हणजे चक्कर फुकट जायला नको.

सात-आठ वाफ्यांवर भागेल का तुझं?

तुझा,
मामा


जठारपेठ, अकोला,
५ फेब्रुवारी २०२४

मामा, माझे लाडके मामा,

भागेल. भागलं.

तुम्ही सांगितलेल्या सात-आठ जणींचं बाजूला काढलं आणि बाकीच्यांशी लावून पाहिलं. फरक असा ठळक की चष्मा नको. टोपड्यावाल्या संध्याकाळपर्यंत बसतात, भाव धरून ठेवतात, उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी अमरावतीला नेतात. तुमच्या टाकीकडच्या मात्र दुपार झाली की येईल त्या भावाला देऊन उठतात. सरांना सांगितलं की काही टोपडी इकडची तिकडे गेली. ते म्हणाले, असं होतंच, नसलेल्या पुरेशा आहेत ना? मग झालं. आणि शेवटी "छान" म्हणाले. मामा, सरांच्या तोंडून "छान" म्हणजे उंबराला फूल.

मी बाबांना सांगून टाकलं की बी.एड. विसरा. आईने शिरा केला.

आता महिनाअखेरपर्यंत एवढंच करा. त्या सात-आठ जणी म्हणजे माझं सोनं आहे. त्यांच्यापर्यंत एकही टोपडं पोहोचू देऊ नका. या एका बाबतीत मध्ये पडायची परवानगी आहे.

तुमची,
रागिणी


भातकुली,
९ फेब्रुवारी २०२४

चि. रागिणी,

तुझं सोनं मी राखतो आहे, पण घरात मला कुणी पाणी विचारत नाही. झालं ते सांगतो. तूच मामीची समजूत घाल.

मला खोकला झाला म्हणून परवा मामी दुकानावर बसली. दुपारी उन्हाने मनकर्णाबाईचा सांभार पार मान टाकून पडला होता. मामीने विचारलं, "काहून वो, तुले नाई भेटलं टोपडं? साऱ्या बाजाराले भेटलं."

मनकर्णाबाई पाणी शिंपडत होती. वर न पाहता म्हणाली, "वान हळदीकुंकवात भेटते बाई. मले कोन बलावते हळदीकुंकवाले?"

मामी घरी आली आणि स्वयंपाकाला लागली. वरणात मीठ घालायचं राहिलं. मी विचारलं तर म्हणाली, "खा." रात्री आडवं होताना बोलली. येत्या शुक्रवारी रथसप्तमी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. म्हणते, त्या सगळ्या जणींना घरी बोलावते. आपल्याकडची दोन टोपडी आहेत, आणखी चार गोळा करते.

मी म्हणालो, थांब. पोरीने बजावलं आहे. ते तिचं सोनं आहे, तू उधळू नकोस. महिना सरू दे, मग काय वाटायचं ते वाट. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. भाकरी येते, पण ताटात आपटून येते.

आता तू मला शाबासकी लिही आणि मामीला चार शब्द समजुतीचे. त्या साऱ्या जणी नवरा गेलेल्या आहेत, हे तर तुझ्या कागदात असेलच. जुनी रीत आहे, आजची नाही. पण मामीला यंदाच ती बोचायला लागली आणि तीही नेमकी तुझ्या मोसमात.

तुझा,
मामा


जठारपेठ, अकोला,
१२ फेब्रुवारी २०२४

मामा,

शाबासकी नाही लिहीत.

माझ्या कागदात ते होतं. विवाहित की विधवा, असा प्रश्न मीच घातला होता, आचलने उत्तरही भरलं होतं. मी तो उघडलाच नाही. सात-आठ जणी उरल्या याचाच मला इतका आनंद झाला, की त्याच का उरल्या हे विचारलंच नाही.

माझ्या चिठ्ठीला आवड-निवड नव्हती. हळदीकुंकवाला आहे. त्या सात-आठ जणींना चिठ्ठीने नाही बाजूला काढलं, त्यांना तुमच्या-माझ्या घरांनी बाजूला काढलं.

मग मी टोपडी वाटायच्या आधीचे आठवडे पुन्हा पाहिले. तेव्हाही त्या दुपारीच उठत होत्या, मामा. टोपड्याचा काही संबंध नाही. बाकीच्यांना न्यायला संध्याकाळी नवरा मोटारसायकल घेऊन येतो. यांना दुपारची शेअर ऑटो गाठावी लागते, नाहीतर पायी. मी सरांना जो फरक दाखवला तो टोपड्याचा नाहीच, तो घरी कोण वाट बघतं याचा आहे.

खरं सांगू? दोन दिवस मी काही केलं नाही. आकडा सुंदर आहे. सर काही भातकुलीत येऊन कपाळं बघणार नाहीत. माझ्याशिवाय आणि तुमच्याशिवाय कुणाला कळणारही नाही. शिरा केलेली कढई अजून घासायची होती, तिच्याकडे बघत बसले. पण उद्या या आकड्यावर सगळ्या तालुक्यात टोपडी वाटली जातील, आणि मनकर्णाबाई तेव्हाही दुपारीच उठेल. आणि मी कुठे तरी ते "छान" फ्रेम करून लावलेलं असेल.

आज सकाळी सरांना सगळं लिहून पाठवलं. त्यांनी गुरुवारी पुण्याला बोलावलंय. पुढे काही लिहिलं नाही. म्हणून शुक्रवारी मला येता येणार नाही.

मामीला सांगा, बोलवा. सगळ्यांना बोलवा. सोबत टोपडं पाठवतेय, आचलकडचं. डबा काढून, धुऊन. तिने जरा कुरकुर केली.

रागिणी


भातकुली,
१८ फेब्रुवारी २०२४

चि. रागिणी,

तुझं पत्र मामीच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाली, "चहा घेता का?" आमचा तह झाला.

शुक्रवारचं सांगतो. मला घरात थारा नव्हता, म्हणून ओसरीवर बसून जेवढं दिसलं तेवढं लिहितो.

दुपारपर्यंत गल्लीतल्या आल्या, जमुना आली, पण टाकीकडची एकही नाही. पार्बताबाईने निरोप पाठवला, पाय दुखतो. एकीने, घरी पाहुणे आहेत. मामीने पदर खोचला आणि स्वतः निघाली. तासाभराने परत आली ती सगळ्यांना पुढे घालून. कुणाचा पाय दुखत नव्हता. मनकर्णाबाई दारातच थांबली, मामीला म्हणाली, "बलावलं त बलावलं सुभद्रा, पन मले भिंतीपाशी नको बसवू. बसीन त मधात बसीन." आणि मध्येच बसली.

गल्लीतली एक बाई उठून गेली. नाव लिहीत नाही, परत येईल. बाकीच्या बसून राहिल्या, पण घरात इतकी शांतता की मला यंत्राशिवाय ऐकू आली.

मामी करंडा घेऊन एकेकीला लावत मनकर्णाबाईसमोर आली आणि तिचा हात थांबला. बोलावलं तिनेच, पण लावावं की नाही, लावलं तर हिला दुखेल का, तिलाच कळेना. मनकर्णाबाईने बघितलं, करंडा तिच्या हातातून घेतला आणि हळदीकुंकू मामीच्या कपाळाला लावलं. म्हणाली, "तू उभी राय. मी लावतो तुले. माह्या हाताले का काटे हायेत?" मग जमुनाने कपाळ पुढे केलं. मग तिच्या शेजारचीने.

टोपडी वाटताना पार्बताबाईने हात मागे घेतला. म्हणाली, "भाऊ, हे घेतलं त तुमच्या भाचीचं नुकसान त नाई होत? आचलताई सांगे, आमचं लय महत्त्व हाय म्हणून." मी म्हणालो, भाचीनेच पाठवलं आहे. तेव्हा घेतलं. मनकर्णाबाईने आचलचं टोपडं नाकाशी धरलं आणि म्हणाली, "याले लोनच्याचा वास येते." पण दिलं नाही परत.

पुण्याचं काय झालं? तू लिहिलं नाहीस. मामी रोज दारात टपालवाल्याला अडवते.

तुझा,
मामा


जठारपेठ, अकोला,
२६ फेब्रुवारी २०२४

मामा,

उशीर झाला. तुमचं पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलंय.

सरांनी पाऊण तास सगळे कागद बघितले. मी समोरची कुंडी बघितली. मग म्हणाले, "म्हणजे टोपड्यांबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नाही." मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, "आणि जे होतं तेही तुम्ही वाटून टाकलंत." मी म्हणाले, हो.

भातकुलीचा अभ्यास बंद. आचलच्या फेऱ्या बंद. संस्थेला कळवायचं की आम्हाला सांगता येत नाही. स्वतःचा अभ्यास मला मिळणार नाही, पदवीचा विषयही तूर्त मागे. काढून टाकलं नाही एवढंच. एप्रिलपासून नांदगाव पेठेत, कापडाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींना प्रश्न विचारायचे, दुसऱ्या एका ताईच्या हाताखाली. पगार तोच, खुर्ची लहान. निघताना दारात सर म्हणाले, "कळल्या कळल्या का नाही सांगितलं? मध्ये दोन दिवस गेले." मी खरं तेच सांगितलं, की लबाडी करावी का, याचा विचार करत होते. ते हसले की खोकले, मला कळलं नाही.

बाबांनी बी.एड.चा अर्ज टेबलावर आणून ठेवला. मी त्यावर कांदे ठेवते.

वाईट वाटतं, मामा. खूप वाटतं. पण मनकर्णाबाई मध्ये बसली होती, ते मला बघायचं होतं.

रागिणी


भातकुली,
१० मार्च २०२४

चि. रागिणी,

खुर्ची लहान असली की जमीन जवळ राहते. पडलं तरी लागत नाही. हे मी फुलांच्या पाटावर बसून चाळीस वर्षं शिकलो. नांदगाव पेठ इथून जवळ आहे, तेव्हा आता सुट्टीचं निमित्त चालणार नाही.

आचल येईनाशी झाली. जमुना म्हणते, बरं झालं, दर बाजाराला तेच तेच विचारून डोकं पिकवत होती. पण मनकर्णाबाईने मला तीनदा विचारलं, "पोरगी काहून नाई येत?" मी म्हणालो, अभ्यास संपला. म्हणाली, "संपला कसा? माहं त अजून सांगूनच नाई झालं." तिला उत्तर तयार ठेवायची सवय लागली आहे. कुणी विचारलं नाही की तिला करमत नाही. शेवटी मला म्हणाली, "तुमी लिवा तिले."

तर लिहितो. टोपडं मिळाल्यापासूनही मनकर्णाबाई दुपारीच उठते. अगदी तू म्हणालीस तसं. तुझा तो सुंदर आकडा खोटा होता, हे मी झेंडूच्या ढिगामागून दर बाजाराला बघतो आहे. फरक एवढाच, की आता ती येईल त्या भावाला देत नाही. उरलेली मेथी टोपड्यात गुंडाळून ऑटोत मांडीवर घेऊन जाते.

काल सकाळी ती आमच्या दारात आली. मामीच्या हातात मेथीची जुडी ठेवली आणि म्हणाली, "परवाच्या बाजारातली हाय. पाह्य कशी हाय. लिव म्हना तिले, टोपडं चांगलं हाय, लोनच्याचा वास गेला."

मामीने भाजी केली. मी खाल्ली. चांगली होती. पण लिहिता लिहिता हात अडला. तूच शिकवलंस, तुलनेला दुसरी जुडी असल्याशिवाय काही सांगता येत नाही. चांगली होती ती टोपड्याने, की मामीच्या फोडणीने, की मनकर्णाबाई पहिल्यांदा आमच्या घरी काही घेऊन आली म्हणून, मला काय कळणार?

तेव्हा पुढच्या बाजाराला ये. दोन जुड्या घेऊ, एक झाकलेली, एक उघडी. दोन्हींची भाजी करू. कोणती कुठली, ते मला सांगायचं नाही. मनकर्णाबाईला जेवायला बोलावलं आहे, कोणती जुडी झाकायची याची चिठ्ठी तिच्याकडून काढून घेऊ.

तुझा,
महादेवमामा